न मावळलेली चौदा तारीख

११ तारीख, सोमवार

निकाल लागला. छत्री नऊ, शिडी नऊ, किटली सात. एकूण पंचवीस, आणि नगराध्यक्ष व्हायला तेरा हात वर यावे लागतात. म्हणजे कोणीच जिंकलेलं नाही, असं मी फलकावर निकालाचा कागद लावता लावता मनाशी म्हटलं. माझी समजूत चुकीची होती. चार वाजता चौकात तीन विजयी मिरवणुका आल्या.

गावात बँड एकच. तो आधी छत्रीसाठी वाजला, मग तिथेच पाठ वळवून शिडीसाठी, मग किटलीसाठी. गाणं तेच होतं.

छत्रीचे वकीलसाहेब म्हणाले, "सगळ्यांत जास्त मतं आमची." शिडीच्या डॉक्टरबाई (दातांच्या) म्हणाल्या, "मागच्या खेपेला आम्ही चार होतो. आता नऊ. जनतेने कोणाला उचललं ते दिसतंय." सगळ्यांत जोरात नाचत होते ते किटलीचे बेकरीवाले. त्यांची एक जागा उलट कमी झाली आहे. मी विचारलं, "काका, तुम्ही कशाबद्दल नाचताय?"

"बाई, हे नऊ त्या नऊंच्या मांडीला मांडी लावून बसतील?"

"नाही बसणार."

"मग ज्याच्यावाचून दोघांचंही अडतं तो मोठा. म्हणजे सात मोठे."

घरी येऊन हे सांगितलं. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. गाव त्याला मास्तर म्हणतं आणि आता मीही. तो म्हणाला, "वीस वर्षं मी पोरांना सात नऊपेक्षा लहान असं शिकवतोय. शुद्धिपत्रक काढावं लागणार."

आमच्या लेकीची, ठकीची बॅग मधल्या खोलीत आडवी पसरलेली. तिला ठेचकाळले. वीस तारखेला ती जाणार आहे, समुद्रापलीकडे, तीन वर्षं शिकायला. नऊ दिवस आधी बॅग काढायची काय घाई असते या मुलांना, कळत नाही. तिला तसं बोलले. जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले असेन.

१३ तारीख, बुधवार

उद्याच्या पहिल्या सभेची तयारी. परिषदेची सचिव म्हणून ही माझी तिसरी परिषद, पण असा पेच पहिल्यांदाच. नियम स्पष्ट आहेत. नगराध्यक्षाची निवड पहिल्याच सभेत, त्याच दिवशी, सहाच्या आत झाली पाहिजे. नाही झाली तर परिषद विसर्जित, सगळे पंचवीस घरी आणि पुन्हा मतदान. वेळ धरायची ती सभागृहातल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. आणि सभा चालू असेतो सचिवाने इमारत सोडायची नाही.

अध्यक्ष निवडेपर्यंत आचारसंहिताही लागू आहे. सभागृहात कोणत्याही पक्षाचं चिन्ह दिसता कामा नये. त्यामुळे दारामागची छत्र्यांची टोपली हलवली. चहाच्या किटलीला जुन्या पडद्याचं कापड शिवून घातलं. दिवे बदलायची शिडी मागच्या अंगणात पालथी ठेवून तिच्यावर गोणपाट टाकलं. उपसचिव म्हणाले, "बाई, गोणपाटाखालीसुद्धा ती शिडीच दिसतेय." मी दुसरं गोणपाट आणवलं. हा अतिरेक झाला का? मला वाटत नाही. पण वाटत नाही हे मी दोनदा तपासून पाहिलं.

रात्री ठकीने नवा कोट घालून दाखवला. मला तो खांद्यात आखूड वाटला. मास्तर म्हणाले, अगदी मापात आहे. मी म्हटलं, परत करून बदलून आणायला आठवडा तरी जाईल. ठकी हसली आणि कोट बॅगेत ठेवून दिला.

१४ तारीख, गुरुवार

सभा अकराला सुरू झाली. सगळ्यांत ज्येष्ठ सदस्य पीठासीन असतात. त्यांना सगळेच आजोबा म्हणतात. ते बाजूच्या टेबलाशी बसले. अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची मधोमध रिकामी.

पहिली फेरी : नऊ, नऊ, सात. दुसरी : नऊ, नऊ, सात. जेवणानंतर : नऊ, नऊ, सात. एकदा छत्रीला दहा हात दिसले म्हणून गडबड उडाली, पण तो शिडीच्या एका सदस्याने खिडकी लावायला सांगण्यासाठी वर केलेला हात निघाला.

साडेपाचला तिघांचेही चेहरे उतरले. पुन्हा निवडणूक म्हणजे पुन्हा दारोदार फिरणं. पाच पन्नासला वकीलसाहेब उठले आणि म्हणाले, घड्याळ थांबवावं. डॉक्टरबाईंनी अनुमोदन दिलं. बेकरीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी विचारलं, "विरोधात कोणी?" कोणी नव्हतं. नव्या परिषदेचा हा पहिला ठराव, तोही एकमताने.

घड्याळ उंचावर आहे. शिडी आणता येईना, कारण छत्रीवाल्यांनी हरकत घेतली. शेवटी वायरमन टेबलावर स्टूल ठेवून चढला आणि त्याने घड्याळाच्या पाठीतला सेल काढून माझ्या हातात दिला. टीव्हीच्या रिमोटला लागतो तसाच, बोटाएवढा. मी तो पाकिटात घातला, वर सही केली आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.

सदस्य खुर्च्यांवर हातरुमाल टाकून घरी झोपायला गेले. "जरा बाहेर जाऊन येतो" असं प्रत्येकाने नोंदवलं. मी कुठे जाणार? सभा चालू आहे. अभिलेखांच्या खोलीत सतरंजी टाकली आहे.

१४ तारीख (बाहेर शुक्रवार)

सकाळी वही उघडली आणि अडले. काय लिहू? इमारतीबाहेर पंधरा आहे. आत ठरावानुसार चौदा. ही वही माझी खासगी आहे, पण ती मी आत बसून लिहितेय. खासगीत खोटं लिहिणाऱ्या माणसाच्या सरकारी लिहिण्यावर कोण विश्वास ठेवेल? म्हणून वर लिहिलं तसं लिहिलं आहे. कंसाबद्दल अजून खात्री नाही.

चार फेऱ्या. नऊ, नऊ, सात.

मास्तर डबा घेऊन आले. "काय चिटणीसबाई, उद्या कधी उजाडणार?"

"चेष्टा नको. नियम आहे."

"उपसचिवांना बसवून रात्रीपुरती घरी ये ना. ठकी विचारतेय, जाड मोजे कुठल्या कपाटात आहेत."

मी म्हटलं, उपसचिवांचं अक्षर लागत नाही. इतिवृत्त त्यांच्या हाती कसं देणार? उपसचिव शेजारीच उभे होते. बिचारे म्हणाले, "बाई, मी छापील अक्षर काढीन." पण प्रश्न अक्षराचा नाही, तत्त्वाचा आहे. मोजे खालच्या कप्प्यात आहेत असं कळवलं.

१४ तारीख (बाहेर शनिवार)

बातमी फुटली. सकाळी एक गृहस्थ दुकानाच्या परवान्याचा अर्ज घेऊन आले. शेवटची तारीख चौदा होती.

"मुदत संपली," मी म्हटलं.

"आत कितवी आहे?"

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. अर्ज घेतला. घेणं भागच होतं. मग वाचनालयाची पुस्तकं आली, शाळाप्रवेशाचे अर्ज आले. एक बाई उद्या (बाहेर काल) पन्नाशीच्या होणार होत्या, त्या प्रेक्षकांच्या बाकावर विणकाम घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी कोणाला त्रास देणार नाही. एकोणपन्नास पुरे आहेत मला."

त्यांच्या शेजारी एक दाढदुखे गृहस्थ. गाल सुजलेला. पंधरा तारखेला डॉक्टरबाई त्यांची दाढ काढणार होत्या. "डॉक्टर आत, मीही आत," ते रुमाल गालाला धरून म्हणाले. "दोघांनाही चौदाच. मला कसलीच घाई नाही."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघत नाहीत. त्या सध्या तत्त्वांसाठी लढत आहेत.

१४ तारीख (बाहेर सोमवार)

काल काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. आजही घडलं नाही, पण बरंच झालं.

तिन्ही नेत्यांनी "नियोजित नगराध्यक्ष" अशा पाट्या करून घेतल्या आहेत. तिघंही दुपारी आळीपाळीने अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी उभे राहून फोटो काढतात. खुर्चीत बसत कोणी नाही; तेवढं पथ्य पाळतात. मला वाटलं होतं की अडकून पडल्यामुळे सगळे चिडतील. तसं नाही. वकीलसाहेबांचा चेहरा तुकतुकीत झाला आहे. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं सांगू का बाई? निवडून आल्यापासून लोक फक्त हार घालतायत. गटाराचं कोणी विचारलेलं नाही. अध्यक्ष झालो की विचारतील."

बेकरीवाल्यांना मी स्पष्टच विचारलं, "काका, कोणालातरी एकाला पाठिंबा देऊन मोकळे का होत नाही?"

"दिला की संपलं, बाई. आज दोघंही मला काका म्हणतात. उद्या एक म्हणेल काका, दुसरा म्हणेल पाववाला." आणि त्यांनी मला गरम पाव दिला. सभेला रोज त्यांचाच पाव असतो. प्रेक्षकही विकत घेतात.

म्हणजे जिंकणं म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं चुकीचं समजत होते का? मला वाटायचं, जिंकला तो एक आणि बाकीचे हरले. इथे जोवर काटा हलत नाही तोवर तिघं जिंकलेले आहेत आणि हरलेला एकही नाही. गावात पाणी येतं, कारण चावी फिरवणारा अध्यक्षाला विचारून फिरवत नाही. मग वाईट काय आहे यात? रात्री बराच वेळ विचार केला. वाईट सापडलं नाही.

संध्याकाळी ठकीचा फोन. "आई, बॅगेचं वजन तेवीस किलो भरलं, तीन जास्त. लोणच्याची बरणी काढू की पुस्तकं?" मी म्हटलं, सभेत आहे, नंतर बोलू. नंतर बोलायचं राहून गेलं. तिचं तिकीट मी अजून पाहिलेलंही नाही. या कामात कुठे सवड मिळते?

१४ तारीख (बाहेर मंगळवार)

उपसचिव पुन्हा येऊन उभे राहिले. हातात एक कागद. त्यांनी घरी बसून अक्षर गिरवून आणलं होतं, पानभर. चांगलं होतं. मी म्हटलं, विरामचिन्हांकडे लक्ष द्या.

ते गेल्यावर वाईट वाटलं. पण नियम मी केलेला नाही.

पर्समधलं पाकीट दिवसातून तीनचार वेळा चाचपते. जबाबदारीची वस्तू आहे.

पन्नाशीच्या बाईंचं विणकाम संपलं. त्यांनी ते उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

१४ तारीख (बाहेर बुधवार)

पाचच्या सुमारास ठकी आली. कोट अंगात, मागे मास्तर, त्यांच्या हातात बॅग. मी इतिवृत्त लिहीत होते. नऊ, नऊ, सात.

"आई, साडेसहाची बस आहे. तिथून विमानतळ. स्टँडवर येतेस ना?"

"सभा चालू आहे गं."

"उपसचिवकाका बसतायत की."

"बसतो, बसतो," उपसचिव म्हणाले. "स्वल्पविरामांचंही करून आलोय."

मी म्हटलं, नियमानुसार सचिव इमारत सोडू शकत नाही. इथूनच निरोप घेऊ, त्यात काय मोठंसं. मी हे अगदी शांतपणे म्हटलं. मास्तरांनी बॅग खाली ठेवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

ठकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं ती चिडेल. चिडली की ती वडिलांवर जाते, नाक लाल होतं. चिडली नाही.

"आत चौदा आहे ना?"

"हो."

"मग माझं जाणं अजून आठवड्यावर आहे." तिने कोट काढला, घडी करून मांडीवर घेतला आणि दाढदुख्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. "मी इथेच थांबते. तुला हवे तेवढे दिवस."

"ठके, हे काय?" मास्तर म्हणाले.

"बसू द्या हो," मी म्हटलं. आणि इथे प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे : मला बरं वाटलं.

पुढची फेरी झाली. तिने आपलीच सभा असल्यासारखी लक्ष देऊन ऐकली. दाढदुख्यांना तिने बिस्कीट दिलं. त्यांनी ते चहात बुडवून चांगल्या बाजूने खाल्लं. ते मुलीला सांगत होते, "पहिले दोन दिवस जड जातात. मग सुजेची सवय होते." पन्नाशीच्या बाईंनी तिला लोकर धरायला दिली. ठकीने दोन्ही हात पुढे केले. तिच्या हातांभोवती त्या तीच उसवलेली, वाकड्या वळणांची लोकर गुंडाळत राहिल्या. कोट मांडीवरून घसरला, तिने तो उचलला नाही, हात अडकलेले होते.

तेवढ्यात ठकी त्यांच्याकडे बघून हसली. सवय झालेल्या माणसासारखं.

नंतर काय झालं ते मला नीट क्रमाने लिहायचं आहे, कारण चौकशी झाली तर उपयोगी पडेल.

मी उठले. पर्समधून पाकीट काढलं. शिडी आणता येत नव्हती. टेबलावर आजोबांनी डोकं टेकवलेलं होतं. म्हणून मी चपला काढल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर चढले. खुर्चीत बसायला मनाई आहे. उभं राहण्याबद्दल नियमांत काही नाही. खुर्चीच्या हातांवर पाय ठेवून वर झाले की घड्याळाला हात पुरतो, हे मला कधीपासून माहीत होतं ते आठवत नाही.

वकीलसाहेब ओरडले, "बाई! काय करताय?"

"सभेला वेळ दाखवतेय," मी म्हटलं आणि सेल बसवला.

एक क्षण काहीच झालं नाही. मग टक्.

सभागृहात असा आवाज उठला की आजोबा जागे झाले आणि म्हणाले, "ठराव मंजूर." पाच एक्कावन्न. पाच बावन्न. वकीलसाहेबांनी बेकरीवाल्यांचा उजवा कान धरला, म्हणजे कानाशी लागले. डॉक्टरबाई डाव्या कानाशी. दोघंही पाठ फिरवून आपापल्या माणसांकडे धावले. दोघांनाही एकच भीती : आपण किटलीला पाठिंबा नाही दिला तर समोरचा देईल. पाच सत्तावन्नला आजोबांनी नावं पुकारली.

छत्री : शून्य. शिडी : शून्य. किटली : पंचवीस.

बेकरीवाल्यांचा स्वतःचा हात वर होता, तो खाली येईना. "अहो, सगळ्यांनी काय?" ते रडवेले होऊन म्हणाले. "मला सात जणांची सवय आहे! विरोधात कोणीतरी राहा की! डॉक्टरबाई, तुम्ही तरी!"

"आम्हीच तर तुम्हाला निवडून आणलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आम्ही आणलं," वकीलसाहेब म्हणाले.

"आणि गटाराचं काय?" बाकावरून कोणीतरी विचारलं. नव्या अध्यक्षांनी खुर्चीचा आधार घेतला.

मी वेळ लिहिली, सही केली, लेखणी उपसचिवांच्या हातात दिली. खाली बँड वाजायला लागला होता, गाणं तेच. दारात डॉक्टरबाईंनी दाढदुख्यांना गाठलं. "चला, तुमची वेळ उलटून गेली." ते माझ्याकडे असं बघत गेले की जणू मी विश्वासघात केला. कदाचित केलाही असेल.

त्या घड्याळात सहा वाजले तेव्हा बाहेर सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ठकीने हातावरची लोकर काढली, कोट घातला आणि म्हणाली, "आई, पळ."

पळालो. बस दहा मिनिटं उशिरा आली. त्या दहा मिनिटांत मी तिच्या कोटाचे खांदे ओढून पाहिले. मापात होते.

२२ तारीख, शुक्रवार

आज कंस नाही.

सकाळी नगराध्यक्षांचा फोन. लोक गटाराबद्दल विचारायला येतायत आणि त्यांच्या बाजूने बोलायला पंचवीस जण असल्यामुळे कोणीच बोलत नाही. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तो सेल... परत काढता येईल का? थोड्या दिवसांसाठी." मी म्हटलं, ठराव आणा. ते म्हणाले, ठराव आणला तर एकमताने मंजूर होईल, हीच तर भीती आहे.

मधली खोली मोकळी आहे. तरी चालताना मी बॅगेला वळसा घालूनच गेले. मास्तरांनी पाहिलं. तेही वळसा घालून गेले.

आत्ता ठकीचा फोन येऊन गेला. पोचली. खोली छोटी आहे, खिडकी मोठी. लोणच्याची बरणी फुटली नाही. मी विचारलं, "किती वाजले तिथे?"

"रात्रीचे अकरा. झोपतेच आता. आई, गंमत बघ, इथे अजून कालच आहे."

"म्हणजे एकवीस?"

"हो. तुझ्याकडे बावीस झाली ना? कशी आहे?"

मी खिडकीतून पाहिलं. दूधवाला सायकल भिंतीला टेकवत होता, समोरच्या बाई अंगण झाडत होत्या.

"बरी आहे," मी म्हटलं. "ये."